एका शब्दाचा उपसा

इंग्रजीतले कितीतरी शब्द आपल्याकडे पाहुणे म्हणून आले आणि घरचे होऊन गेले. टेबल, स्टेशन, कोर्ट हे शब्द उच्चारताना आपण परभाषा बोलत आहो याची कोणाला आठवणही होत नाही. काही शब्द मात्र वर्षानुवर्षे ओसरीवर बसून आहेत. घरात सर्वजण त्यांना ओळखतात. पण ते नेमके कोणाकडे आले आहेत, हे कोणी विचारीत नाही. 'ड्रेजिंग' हा त्यातलाच एक शब्द.

आमच्या दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर कोठेही जा. हर्णैच्या मासळीबाजारात उभे राहा, आंजर्ल्याच्या खाडीवर जा किंवा दाभोळच्या धक्क्यावर तरीची वाट पाहत बसा. अर्ध्या तासात हा शब्द तुमच्या कानांवर पडेल. "खाडीचे ड्रेजिंग झाले पाहिजे," असे मच्छीमार म्हणतो. "ड्रेजिंग करून देऊ," असे निवडणुकीत उभा राहिलेला उमेदवार म्हणतो. वाळूचा व्यापारीही 'ड्रेजर'चाच परवाना मागतो. तिघांच्या तोंडी शब्द एकच आहे. पण तिघांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शब्द एक आणि अर्थ अनेक असले म्हणजे शाळेत फार तर परीक्षेचे गुण जातात. येथे मात्र नदी जाते, बंदर जाते, आणि कधी कधी माणसांचे संसारही वाहून जातात. म्हणून या शब्दाची थोडी झाडाझडती घ्यावी, असा विचार आहे.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या जुन्या कागदांत 'ड्रेग' नावाच्या होडीचा उल्लेख सापडतो. ओढणे, फरफटत नेणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दांशी त्याचे नाते असावे, असे कोशकार मानतात. डच भाषेत तळ खरवडणाऱ्या जाळ्याला आणि आकड्याला याच घराण्यातले नाव आहे. तेव्हा या शब्दाचा नदी साफ करण्याशी मुळात काही संबंध नव्हता. लोखंडी चौकटीला जाळी बांधायची, ती होडीमागे समुद्रतळावरून ओढायची आणि कालवे गोळा करायची, एवढाच उद्योग होता. कालव म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या वाचकांना सांगावयास नको. ओहोटीला खडकावर बसून कोयत्याच्या टोकाने कालवे फोडणाऱ्या बायका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तिकडे तोच उद्योग होडीतून चाले, आणि त्या उद्योगाचे हे नाव.

म्हणजे पहिला अर्थ साफसफाईचा नव्हे, तर काहीतरी मिळवण्याचा होता. तळातून खरवडून वर आणायचे, कारण वर आणलेल्या वस्तूला बाजारात किंमत आहे. गाळ नको म्हणून काढणे हा अर्थ मागाहून आला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा एक गोड गोष्टही सांगून टाकतो. याच उच्चाराचा आणि याच अक्षरांचा दुसरा एक इंग्रजी शब्द आहे. त्याचा अर्थ खाद्यपदार्थावर पिठी किंवा साखर भुरभुरणे. त्याचे कूळ निराळे आहे. ग्रीक भाषेत जेवणानंतरच्या गोडधोडाला जे नाव होते, ते लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तेथून इंग्रजीत आले. चिरोट्यांवर पिठीसाखर भुरभुरणारी आपली गृहिणी इंग्रजीत 'ड्रेज'च करीत असते, आणि खाडीतला चिखल उपसणारे यंत्रही 'ड्रेज'च करीत असते! एकात वरून घालायचे, दुसऱ्यात खालून काढायचे.

एकोणिसाव्या शतकात कालवे धरण्याची ही जाळी शास्त्रज्ञांच्या हाती गेली. समुद्राच्या तळाशी काय आहे, हे पाहण्याचे दुसरे साधन त्या वेळी नव्हते. एडवर्ड फोर्ब्स या शास्त्रज्ञाने 1841 च्या सुमारास भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील भागात अशी जाळी टाकून पाहिली. जसजसे खोल जावे तसतसे जीव कमी होत गेलेले त्याला आढळले. सुमारे अठराशे फुटांखाली जीवसृष्टी नसावी, असा तर्क त्याने केला. पुढे 1872 ते 1876 या काळात 'चॅलेंजर' हे जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून आले आणि त्याच्या जाळ्यांनी त्याच्या कित्येक पट खोलीवरून जिवंत प्राणी वर आणले. तळाशी काही नाही असे मानणे किती धोक्याचे असते, हे त्या जाळीने विद्वानांना शिकवले.

नदीचा, कालव्याचा किंवा बंदराचा गाळ काढून जहाजांना वाट करून देणे हा आजचा मुख्य अर्थ रूढ झाला तो यंत्रयुगात. ही यंत्रे तीन प्रकारची. पहिला प्रकार आमच्या मुरूड-आंजर्ल्याच्या वाचकांना सांगताच कळेल, कारण तो म्हणजे आपला रहाट. नारळी-पोफळीच्या आगरात रहाटाला लोट्यांची माळ बांधलेली असते. लोटे रिकामे खाली जातात आणि भरून वर येतात. लोट्यांच्या जागी लोखंडी बादल्या, बैलाच्या जागी वाफेचे इंजिन आणि विहिरीच्या जागी समुद्र अशी कल्पना केली की झाला ड्रेजर. दुसऱ्या प्रकारात खेकड्याच्या नांगीसारखा लोखंडी पंजा खाली सोडतात आणि तो चिखलाचा घास घेऊन वर येतो. तिसऱ्या प्रकारात पंपाने गाळ आणि पाणी एकत्र शोषून घेतात आणि नळांतून लांब नेऊन टाकतात. आपल्याकडे ज्याला 'सक्शन' म्हणतात तो हा.

या यंत्रांचे मोठे कर्तृत्व सुएझ कालव्यात दिसले. 1859 साली कालवा खणण्यास आरंभ झाला तेव्हा ईजिप्तमधील हजारो शेतकरी वेठीने धरून आणले होते. हातांनी खणायचे आणि टोपल्यांनी वाहून न्यायचे. पुढे या वेठीविरुद्ध ओरड झाली, ती बंद पडली, आणि मग वाफेचे ड्रेजर आले. कालव्याचे बरेचसे काम अखेर त्यांनीच केले, आणि 1869 च्या नोव्हेंबरात कालवा खुला झाला. त्याच कालव्यात 2021 च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' नावाचे अजस्र जहाज आडवे रुतून बसले आणि सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला. तेव्हा त्याच्या नाकाखालची वाळू उपसण्यास ड्रेजरलाच बोलवावे लागले. जगात कितीही मोठेपणा मिळवला तरी तळाशी साचलेल्या गाळापुढे कोणाचे चालत नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मुंबईकरांना 'ड्रेजर' हा शब्द घरोघर माहीत झाला तो 1920 नंतरच्या दशकात, आणि तो फार चांगल्या कारणाने नव्हे. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॅकबेचा समुद्र भरून काढून नवी जमीन करण्याची मोठी योजना निघाली. मुंबई बंदराच्या तळाचा चिखल ड्रेजरने शोषायचा, नळांतून कुलाब्यापलीकडे न्यायचा आणि दगडी भिंतीच्या आत ओतायचा, असा बेत होता. एका ड्रेजरला गव्हर्नरसाहेबांचेच नाव दिले होते. कागदावर हिशेब चोख होता. पण यंत्राने तासाला जेवढा चिखल द्यावा असे ठरले होते, त्याच्या निम्म्याच्या आसपासच तो येऊ लागला. त्यातही भिंत गळकी! आत ओतलेला चिखल फटींतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला. खर्च मात्र वाढतच गेला.

या प्रकरणाची लक्तरे वेशीवर टांगली ती वीर नरीमन यांनी. त्यांनी कौन्सिलात आणि वर्तमानपत्रांत हा विषय लावून धरला. हार्वे नावाच्या एका सरकारी इंजिनियराने त्यांच्यावर अब्रूनुकसानीची फिर्याद केली. तो खटला फार गाजला आणि 1928 साली नरीमन निर्दोष सुटले. योजनेच्या आठ भागांपैकी चारच पुरे झाले. इंग्रजीत 'ड्रेज' याचा आणखी एक लाक्षणिक अर्थ आहे, जुनी दडलेली प्रकरणे उकरून काढणे. सरकारी ड्रेजरने चिखल काढला थोडा. पण नरीमनांनी मात्र तळाचा सर्व गाळ वर आणला. आज नरीमन पॉइंट म्हणून जी जागा जगप्रसिद्ध आहे, तिला त्यांचे नाव आहे हे योग्यच झाले.

मुंबईची गोष्ट पैशाची होती. कोकणच्या खाड्यांची गोष्ट जगण्याची आहे.

एके काळी ही खाडीची वाट हाच कोकणचा राजमार्ग होता. वासिष्ठीच्या मुखावरील दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळात पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर. अरबस्तान-इराणकडची गलबते तेथे लागत. 1508 च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांनी ते जाळले, यावरूनच त्याची श्रीमंती कळते. रित्या घरावर कोणी दरोडा घालीत नाही. दाभोळहून खाडीने आत गेले की चिपळूणचे गोवळकोट बंदर. मुंबईची आगबोट दाभोळास येई आणि तेथून लहान बोटीने उतारू आत जात. उत्तरेला सावित्रीच्या मुखाशी बाणकोट. तेथला किल्ला अठराव्या शतकात इंग्रजांनी घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. दक्षिणेला राजापूर. तेथे सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती.

या राजापुराबद्दल 1880 च्या सरकारी गॅझेटियरमध्ये एक मार्मिक नोंद आहे. अरबी गलबते अजून थेट येथे व्यापार करतात असे सांगून, जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैलांच्या आत मोठे जहाज येऊ शकत नाही, असेही ते सांगते. धक्का आहे, पायऱ्या आहेत, व्यापारी आहेत; पाणी तेवढे निघून गेले आहे. 1880 साली ही अवस्था! म्हणजे आज आपण ज्या गाळाबद्दल बोलतो, तो काल-परवाचा नव्हे.

हा गाळ येतो कोठून? आमच्या नद्या आखूड आणि उतावीळ. सह्याद्री आणि समुद्र यांत अंतर साठ-सत्तर किलोमीटरांचे, आणि दापोलीसारख्या ठिकाणी चार महिन्यांत साडेतीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस. एवढे पाणी एवढ्या उतारावरून येते, ते रिकाम्या हातांनी येत नाही. डोंगरावर झाड असेल तर ते माती धरून ठेवते. पण जळाऊ लाकूड आणि कोळसा यांसाठी, डोंगरउतारावरच्या नाचणी-वरीसाठी आणि अलीकडे रस्ते, बंगले व खाणी यांसाठी डोंगर उघडे पडत गेले. वरची माती खाली आली.

खाली आलेली माती समुद्रात का जात नाही, असे मुले वर्गात विचारतात. प्रश्न चांगला आहे. नदीचे पाणी खाडीत शिरले की भरती त्याला अडवते. पाण्याचा वेग मोडला की त्यातील वाळू-माती तळाला बसते. मुखापाशी समुद्राच्या लाटा बाहेरची वाळू आत लोटतात आणि तेथे आडवा दांडा तयार होतो. हा दांडा ओहोटीचे पाणीच धुऊन काढीत असते. खाडीत भरतीचे जितके पाणी आत शिरेल, तितक्या जोराने ते ओहोटीला बाहेर पडेल आणि मुख मोकळे ठेवील. म्हणजे निसर्गाने प्रत्येक खाडीला दिवसातून दोनदा चालणारा फुकटचा ड्रेजर दिलेला आहे! आपण काय केले? खारबंदिस्ती करून, भराव घालून, कांदळ तोडून भरतीच्या पाण्याची आतली जागाच कमी केली. पाणी कमी शिरले, ओहोटीचा जोर सरला आणि मुख बुजू लागले. खारबंदिस्तीने भाताला जमीन मिळाली हे खरे. पण तिची किंमत खाडीच्या मुखाशी कोणी मोजली नाही.

त्याचे फळ मच्छीमारांच्या वाट्याला येते. हर्णै हे आमचे मोठे मासळी बंदर. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला होड्या लागतात. पण वादळात तो आडोसा पुरत नाही. मग होड्या आसऱ्यासाठी आंजर्ल्याच्या खाडीकडे धावतात, आणि तेथे जोग नदीच्या मुखाशी गाळ. भरती नसेल तर आत शिरता येत नाही. मागे वादळ, पुढे दांडा आणि मध्ये होडी. अशा वेळी "ड्रेजिंग करा" ही मागणी प्राण कंठाशी आलेल्या माणसाची असते. तिला कोणी नावे ठेवू नयेत.

परंतु याच शब्दाचा दुसरा अर्थ खाडीत दुसरीकडे वावरत असतो. खाडीची वाळू काढण्याची जुनी रीत हातपाटीची आणि डुबीची. होडीतून बांबू तळाला रोवायचा, माणसाने तो धरून बुडी मारायची, बादलीत वाळू भरायची आणि वर यायचे. कष्ट जिवावरचे, पण एका माणसाच्या छातीत मावेल तेवढ्याच श्वासाची वाळू निघे. भोक असे हाताएवढेच पडे. मग शहरांत इमारती वाढल्या, वाळूला सोन्याचा भाव आला आणि सक्शन पंप खाडीत उतरला. त्याला श्वास घ्यावा लागत नाही. तो रात्रीही थांबत नाही. काठ खचतात, माडांची मुळे उघडी पडतात, माशांची अंडी घालण्याची जागा जाते. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने वाळू काढण्यापूर्वी, क्षेत्र लहान असले तरी, पर्यावरणाची परवानगी आवश्यक ठरवली, ती उगाच नव्हे.

आता तो कालवे धरणारा पहिला अर्थ आठवा. वाळू काढणारा ड्रेजर जेथे चांगली वाळू असते तेथे जातो. जेथे होडी अडते तेथे जाईलच असे नाही. कारण तो अडथळा काढण्यासाठी आलेला नसतो, माल काढण्यासाठी आलेला असतो. पाचशे वर्षांपूर्वी शब्दाच्या पोटात असलेले मिळकतीचे बीज असे आमच्या खाडीत उगवून आले. मुखाशी चिखल तसाच, आणि आतल्या वळणावर मात्र तीन पुरुष खोल डोह! कागदोपत्री दोन्ही ड्रेजिंगच.

तिसरा अर्थ चिपळूणकरांनी शिकवला. 22 जुलै 2021 रोजी वासिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले. 26 जुलै 2005 चा पूर ज्यांनी पाहिला होता, त्यांनाही हा भयंकर वाटला. बाजारपेठ बुडाली, घरे बुडाली, माणसे दगावली. पाणी ओसरल्यावर घराघरांत उरला तो चिखल. नदीतून जो काढला नव्हता, तो लोकांनी स्वतःच्या माजघरातून फावड्याने काढला. पुराला कारणे अनेक होती: अतोनात पाऊस, त्याच वेळची भरती, नदीकाठची बांधकामे. पण नदीचे पात्र गाळाने उथळ झाले आहे हे कोणालाही दिसत होते. त्या डिसेंबरात नागरिक साखळी उपोषणास बसले. त्यानंतर जलसंपदा खाते आणि 'नाम फाउंडेशन' यांच्या यंत्रांनी नदीचा गाळ उपसण्यास हात घातला. तेथे ना जहाज होते ना वाळूचा नफा. नदीला तिची जागा परत देणे, एवढाच अर्थ होता. आणि मला तो या शब्दाचा सर्वांत भला अर्थ वाटतो.

आता आपल्या मराठीकडे पाहू. इंग्रजी शब्द ओढण्याच्या क्रियेवरून आला. त्यात काय ओढले, याचा पत्ता नाही. मराठी माणूस 'गाळ काढणे' म्हणतो. त्याचे लक्ष वस्तूवर आहे. गाळ म्हणजे गाळून खाली राहिलेले. आपल्या भाषेत गाळण्याचा पसारा केवढा! आपण पाणी गाळतो, घाम गाळतो, अश्रू गाळतो. माणूस संकटात सापडला की गाळात रुततो. परीक्षेत 'गाळलेल्या जागा भरा' असा प्रश्न असतो. दुसरा शब्द 'उपसा'. पावसाळ्यापूर्वी वैशाखात गावची विहीर उपसण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. घरटी एक माणूस यावा, विहीर तळापर्यंत कोरडी करावी, चिखल वर काढावा, आणि तो फेकून न देता माडांच्या आळ्यांत टाकावा. त्या उपशाला हिशेब होता: कोणी काढायचा, कधी काढायचा आणि काढलेला कोठे घालायचा. 2017 साली महाराष्ट्र सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी योजना काढली. धरणातला गाळ शेतात न्यावा, ही त्यातील कल्पना नवी नव्हे. ती आपल्या विहिरीच्या काठचीच आहे.

म्हणून कोणी 'ड्रेजिंग' म्हटले की, मान डोलावण्यापूर्वी आपण एका वाक्यातल्या चार गाळलेल्या जागा भराव्यात. काय काढणार, चिखल की वाळू? कोठून काढणार, होडी अडते तेथून की माल मिळतो तेथून? काढलेले कोठे टाकणार, शेतात की कांदळावर? आणि जो गाळ काढला तो पुन्हा येऊ नये म्हणून वर डोंगरावर काय करणार? या चार जागा भरल्या तर शब्द इंग्रजी असो की मराठी, काम चोख होईल. त्या रिकाम्या राहिल्या तर दर वर्षी पैसे खर्च होतील, आणि दर श्रावणात खाडी पूर्वीसारखीच भरेल.

चौथी जागा सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच नेहमी रिकामी राहते. खाडीच्या मुखाशी बसून उपसत राहणे म्हणजे गळक्या कौलाखाली पातेले ठेवण्यासारखे. पातेले ठेवलेच पाहिजे, नाहीतर अंथरूण भिजेल. पण पाऊस थांबताच माळ्यावर चढून कौलही शाकारले पाहिजे. डोंगरउतारावर झाड लावणारा, बांध घालणारा शेतकरी आणि काठचे कांदळ राखणारा कोळी हे खाडीचे खरे उपसेकरी होत. त्यांच्या कामाला इंग्रजीत हा शब्द कोणी लावीत नाही, एवढेच.

या दिवसांत घरोघर माळे-फडताळे झाडून झाली असतील. जाणती आजी नातसुनेला एक गोष्ट हमखास सांगते: केर शेजारणीच्या अंगणात लोटू नये आणि उंबऱ्याआड दडवूही नये. खाडीच्या बाबतीत आपल्याला याहून अधिक शहाणपण लागत नाही. शेजारच्या अंगणाच्या जागी खालचे गाव आणि पुढची पिढी धरावी, म्हणजे झाले.